मिठाची पिशवी किती दिवस पुरते? बेताच्या उत्पन्नाच्या घरात सोडियम घटवण्याची आणि पोटॅशियम वाढवण्याची क्रमवार रीत

रक्तदाब वाढलेला माणूस आरोग्य केंद्रातून गोळ्यांबरोबर ‘मीठ कमी करा’ एवढा सल्ला घेऊन घरी येतो. ते नेमके कुठून, किती आणि कोणत्या क्रमाने कमी करायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मग चार दिवस घरात अळणी स्वयंपाक होतो, मुले ताटावरून उठतात, कोणीतरी सैंधव आणायला सुचवते आणि आठवड्याभरात सगळे पूर्ववत होते. पोटॅशियमचे तर नावही बहुतेक घरांनी ऐकलेले नसते. बचत गटांच्या बैठकांत हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की, चूक माणसांच्या निश्चयात नसून सल्ला देण्याच्या पद्धतीत आहे, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही. म्हणून पुढील टप्पे घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीसाठी आणि घरोघरी जाणाऱ्या आशाताईंसाठी लिहिले आहेत.

लक्षात ठेवायचे आकडे थोडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम जावे, म्हणजे सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ; आणि पोटॅशियम किमान ३,५१० मिलिग्रॅम जावे. आपल्याकडच्या निरनिराळ्या पाहण्यांत मिठाचे प्रमाण माणशी साधारण ८ ते ११ ग्रॅम आढळले आहे, तर पोटॅशियम गरजेपेक्षा बरेच कमी. जादा सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते आणि रक्तदाब चढवते. पुरेसे पोटॅशियम मिळाले तर मूत्रपिंड तेच सोडियम लघवीवाटे बाहेर टाकते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. रक्तदाब वर्षानुवर्षे चढता राहिला की हृदयविकार आणि पक्षाघात यांची वाट मोकळी होते.

गरीब घरात या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने बिघडतात, आणि ते कारण म्हणजे कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबर खायची भाजी-आमटी, अपुरे असणे. चार भाकऱ्यांना पुरेल एवढी भाजी किंवा आमटी नसली की भाकरी घशाखाली उतरवण्यासाठी ठेचा, लोणचे, खारवलेली मिरची लागते. त्यामुळे सोडियम वाढते, आणि डाळ-भाजी न मिळाल्यामुळे पोटॅशियम घटते. म्हणून केवळ मीठ काढून घेणारा सल्ला अशा घरात टिकत नाही. आधी कोरड्यास वाढवायचे आणि मग ठेचा कमी करायचा, असा हा क्रम आहे. तो उलटा केला, तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

## टप्पा १: कोणी थांबायचे आणि आधी कोणाला विचारायचे

मीठ माफक प्रमाणात, हळूहळू कमी करणे जवळजवळ सर्वांना चालते. पोटॅशियम वाढवणे मात्र सर्वांना चालत नाही. मूत्रपिंड अधू असेल तर जादा पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या अनियमित होऊ शकतात. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीबद्दल पुढील चार प्रश्न विचारावेत.

१. मूत्रपिंडाचा आजार असल्याचे कधी सांगितले गेले आहे का, किंवा पाय व डोळ्यांखालचा भाग सुजतो का?

२. मधुमेह बरीच वर्षे आहे का?

३. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी एखादी गोळी चालू आहे का? या गोळ्यांनी रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. टेल्मिसार्टन सरकारी केंद्रांत सर्रास दिली जाते, त्यामुळे गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन नाव वाचावे. ‘बीपीची पांढरी गोळी’ हे उत्तर पुरेसे नाही.

४. अंगदुखीच्या गोळ्या रोज किंवा आठवड्यातून अनेकदा घेतल्या जातात का? डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडालाही इजा करू शकतात. ऊसतोड, बांधकाम, हमाली करणारी माणसे या गोळ्या दुकानातून परस्पर घेतात, आणि औषधांबद्दल विचारले तर ‘काही नाही’ असे सांगतात, कारण ती त्यांना औषधे वाटतच नाहीत. त्यामुळे हा प्रश्न वेगळा, नाव घेऊन विचारावा लागतो.

एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर त्या व्यक्तीच्या रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) आणि पोटॅशियम तपासून घ्यावे आणि पोटॅशियम वाढवण्याचा टप्पा (टप्पा ५) डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. मीठ घटवण्याचा टप्पा तोवर थांबवण्याचे कारण नाही.

सावधान: ‘मला काही त्रास नाही’ म्हणजे मूत्रपिंड चांगले, असा अर्थ होत नाही. मूत्रपिंडाचा आजार बराच पुढे जाईपर्यंत जाणवत नाही, आणि ज्या वस्त्यांत रक्ततपासणी सहसा होत नाही तेथे तो माहीत नसलेली माणसे अधिक असतात.

## टप्पा २: मोजणी

‘आमच्यात मीठ कमीच खातात’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. ते खरे की खोटे, हे फक्त मिठाची पिशवी सांगते. पाश्चात्त्य देशांत पोटात जाणारे बरेचसे मीठ तयार पदार्थांतून येते. आपल्याकडे, विशेषतः खेड्यांत आणि कष्टकरी वस्त्यांत, ते मुख्यतः घरच्या स्वयंपाकातून येते. त्यामुळे आपली मोजणी सोपी आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

१. नवी १ किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख लिहा.

२. घरात रोज जेवणाऱ्यांची संख्या लिहा. सहा वर्षांखालील मूल अर्धे धरा. जो माणूस दिवसाचे एकच जेवण घरी घेतो तोही अर्धा धरावा.

३. लोणचे घालायला, मासे खारवायला, गुरांना द्यायला किंवा भांडी घासायला मीठ वापरत असाल, तर त्यासाठी वेगळी पिशवी ठेवा. हे केले नाही, तर हिशेब निरुपयोगी ठरतो.

४. पिशवी संपेल त्या दिवशी पुन्हा तारीख लिहा. १,००० ला दिवसांनी भागा, आलेल्या संख्येला माणसांनी भागा. उत्तर म्हणजे स्वयंपाकातून माणशी रोज जाणारे मीठ, ग्रॅममध्ये.

पाच माणसांच्या घरात १ किलो मीठ २० दिवसांत संपत असेल तर माणशी १० ग्रॅम जातात. २५ दिवस पुरले तर ८ ग्रॅम, ४० दिवस पुरले तर ५ ग्रॅम आणि ५० दिवस पुरले तर ४ ग्रॅम. आपल्याला या शेवटच्या आकड्यापर्यंत पोहोचायचे आहे, कारण वडापाव, फरसाण, पाव, पापड अशा बाहेरच्या वाटांनी आणखी एखादा ग्रॅम येतोच.

महिनाभर थांबणे शक्य नसेल, तर किराणा दुकानदाराकडून १०० ग्रॅम मीठ तोलून घ्या. त्याचे दोन सारखे ढीग करा, एका ढिगाचे पुन्हा दोन करा. हा झाला २५ ग्रॅमचा ढीग. आपल्या मिसळणाच्या डब्यातील चमच्याने त्यात किती सपाट चमचे बसतात ते मोजा. पाच बसले, तर तुमचा चमचा ५ ग्रॅमचा आहे. बारीक मीठ आणि खडे मीठ यांची मापे वेगळी येतात, म्हणून वापरात असेल त्याच मिठाने माप काढा. मग दोन-तीन दिवस दिवसभरात किती चमचे पडले ते भिंतीवर खडूने खुणा करून मोजा.

पडताळणी: माणशी आकडा ५ च्या खाली आला, तर मोजणीत काहीतरी सुटले असण्याची शक्यता जास्त आहे. खडे मीठ आणि बारीक मीठ अशा दोन पिशव्या घरात एकदम चालू नाहीत ना, ते पाहा.

## टप्पा ३: रक्तदाबाची सुरुवातीची नोंद

ही नोंद नसेल, तर तीन महिन्यांनी फरक पडला की नाही हे कळणार नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात विनामूल्य मोजला जातो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, बिडी यांपैकी काही घेऊ नये. लघवीला जाऊन यावे. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे. हात छातीच्या पातळीला टेकलेला असावा, पट्टा सदऱ्यावरून नव्हे तर उघड्या दंडावर बांधावा, आणि मोजताना बोलू नये. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहून घ्यावेत.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून अधिक असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून डॉक्टरांना दाखवावे. चालू असलेली गोळी आहारात बदल केला म्हणून बंद करायची नाही. दिवसाला साधारण ४ ग्रॅम मीठ कमी केल्याने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ५ च्या आसपास उतरतो. हा लाभ मोठा आहे, पण तो गोळीची जागा घेत नाही.

## टप्पा ४: जिथे चव कळत नाही तिथले मीठ आधी काढा

बहुतेक जण नेमकी उलटी सुरुवात करतात. आमटीतले मीठ एकदम निम्मे करतात आणि घरात भांडण होते. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून घट लहान असावी आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा ठिकाणापासून सुरू व्हावी.

१. भाताचे पाणी, भाकरीचे पीठ आणि पोळीची कणीक. या तिन्हींतले मीठ पूर्ण बंद करा. सोबत आमटी-भाजी असताना ते जाणवत नाही. पहिला आठवडा एवढेच करा, दुसरे काही करू नका.

२. ताक, कोशिंबीर, काकडी, पेरू, कैरी. ताकात जिरेपूड आणि कोथिंबीर घाला. फळांवर मीठ-तिखट टाकण्याची सवय मुलांना आपणच लावतो. ती इथेच तोडा.

३. दिवसाची मिठाची डबी. सकाळी दिवसभराचे मीठ सपाट चमच्याने मोजून एका छोट्या डबीत काढा आणि मोठी बरणी फडताळावर उंच ठेवून द्या. स्वयंपाक कोणीही केला तरी मीठ त्या डबीतूनच घ्यायचे. ही एक सवय मला सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण सासू, सून आणि मुलगी या तिघींचे हात वेगवेगळे असतात आणि तिन्ही हातांना एकच सीमा लागू होते. पाच माणसांच्या घरात १० चमचे पडत असतील, तर भात-भाकरीतले मीठ गेल्यावर ९ काढा, पंधरा दिवसांनी ८, आणखी पंधरा दिवसांनी ७. सहाच्या खाली उतरताना दर पायरीला तीन आठवडे द्या. शेवटी ४ चमच्यांवर, म्हणजे माणशी ४ ग्रॅमवर थांबा.

४. मीठ शेवटी घाला. आमटी, उसळ उतरवताना घातलेले मीठ जिभेला लवकर लागते आणि कमी पुरते. एकदा घातल्यावर चव पाहून पुन्हा भर घालायची नाही.

आंबटपणा, लसूण, भाजलेला कांदा, ओवा आणि तिळाचे कूट यांनी मिठाची उणीव बरीच झाकली जाते. यात एक फसगत आहे. कोकमाचे आगळ खारट असते, आमसुलांना मिठाची पुटे दिलेली असतात आणि वर्षाची चिंचही अनेक घरांत मीठ लावून ठेवतात. ती वापरलेल्या पदार्थात वेगळे मीठ घालायचे असेल तर चव पाहूनच घाला, किंवा ताजे लिंबू, टोमॅटो, कैरी, आंबट चुका वापरा.

सावधान: सैंधव, पादेलोण, खडे मीठ, समुद्री मीठ ही सारी मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतात. रंग बदलल्याने सोडियम घटत नाही. उलट ‘हे औषधी आहे’ म्हणून माणसे हात सैल सोडतात आणि आयोडीनलाही मुकतात. मीठ कमी होणार असल्यामुळे ते आयोडीनयुक्त असणे आणि झाकणबंद ठेवणे आता अधिकच महत्त्वाचे आहे.

सावधान: घरातील आजारी माणसासाठी वेगळी अळणी भाजी करू नका. एका चुलीवर दोन स्वयंपाक महिनाभरही टिकत नाहीत, आणि रक्तदाब वाढायचा तो बाकीच्यांचाही वाढतच असतो.

## टप्पा ५: कोरड्यास वाढवा

हा टप्पा मी मुद्दाम ठेच्याच्या आधी ठेवला आहे. शिधापत्रिकेवर मुख्यतः तांदूळ आणि गहू मिळतात, आणि पांढरा तांदूळ पोटॅशियमच्या बाबतीत फार तोकडा असतो. ३०० ग्रॅम तांदळातून जेमतेम ३०० ते ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते. तेवढ्याच ज्वारी-बाजरीच्या पिठातून सुमारे १,००० मिलिग्रॅम. म्हणून पहिला बदल असा की, दिवसातले निदान एक जेवण भाकरीचे असावे, आणि तिला पुरेसे कोरड्यास असावे.

फळांचा सल्ला गरिबाच्या घरात सहसा अडतो, म्हणून डाळी आणि कडधान्यांपासून सुरुवात करावी. तूर, मूग, मटकी, कुळीथ, हरभरा यांच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत साधारण ९०० ते १,४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. माणशी ५० ते ६० ग्रॅम, म्हणजे मोठी मूठभर, इतके दिवसाला मिळाले तर ६०० ते ७०० मिलिग्रॅमची सोय होते. राजगिरा, माठ, पालक अशा पाल्याच्या १०० ग्रॅममध्ये ५०० ते ६०० मिलिग्रॅम मिळतात. सालासकट उकडलेला १५० ग्रॅमचा बटाटा ६०० च्या आसपास, मध्यम केळे ३५० ते ४००, पेरूही केळ्याच्या तोलाचा. शेवग्याचा पाला, घोळ, चवळीचा पाला, रताळे, लाल भोपळा यांतूनही चांगली भर पडते, आणि यांतील काही गोष्टी परसात किंवा बांधावर फुकट मिळतात. ३,५१० चा आकडा पहिल्याच महिन्यात गाठायचा नाही. आज जे खाल्ले जाते त्यात रोज दोन वस्तूंची भर, एक कडधान्याची आणि एक पाल्याची किंवा कंदाची, एवढे उद्दिष्ट पहिल्या सहा आठवड्यांना पुरे.

पोटॅशियम पाण्यात विरघळते, आणि आपण ते पाणी ओतून देतो. इथे होणाऱ्या चुका विकत आणलेल्या भाजीचे मोल निम्म्यावर आणतात.

१. पालेभाजी आधी धुवा आणि मग चिरा. चिरून पाण्यात ठेवू नका आणि उकडून पिळून पाणी टाकू नका. झाकण ठेवून, अंगच्या पाण्यात शिजवा.

२. बटाटा, रताळे अख्खे, सालासकट उकडा.

३. कुळीथ, हरभरा, मटकी शिजवलेले पाणी फेकू नका. कुळथाचे कळण, हरभऱ्याच्या डाळीच्या कटाची आमटी या जुन्या रीती या दृष्टीने अगदी योग्य आहेत. कट घातलेल्या आमटीला मीठही कमी लागते.

४. उसळ शिजताना खाण्याचा सोडा घालू नका. त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम असते. रात्रभर भिजवलेले कडधान्य सोड्याविना शिजते.

आता ज्यावर सल्ला देणारे सहसा बोलत नाहीत ते. घरात शेवटी जेवणारी बाई पातेल्याच्या तळाला उरलेले पाणी, भाकरी आणि ठेचा यांवर जेवण उरकते. तिच्या ताटात सोडियम सर्वांत जास्त आणि पोटॅशियम सर्वांत कमी असते, आणि तिचा रक्तदाब बहुधा कोणी मोजलेलाही नसतो. म्हणून आमटी-उसळ शिजल्याबरोबर, वाढण्यापूर्वी, स्वयंपाक करणारीची वाटी वेगळी काढून झाकून ठेवा. आशाताईंनी घरभेटीत ‘आज काय शिजवले’ असे न विचारता ‘तुमच्या स्वतःच्या ताटात काय होते’ असे विचारावे. उत्तर वेगळे येते.

पडताळणी: आठवड्याच्या शेवटी मोजा: कडधान्य किंवा डाळ किती दिवस झाली, पाला किती दिवस, आणि ती शेवटी जेवणारीपर्यंत पोहोचली का? सातांपैकी पाच दिवस ‘हो’ असेल, तरच पुढे जा.

## टप्पा ६: ठेचा, लोणचे, पापड आणि सुके मासे

कोरड्यास वाढल्यावर तोंडीलावण्याची ओढ आपोआप थोडी कमी होते. तरीही हे मीठ डबीत मोजले जात नाही, म्हणून त्याचे नियम वेगळे.

लोणच्याच्या एका लहान चमच्यात साधारण अर्धा ते एक ग्रॅम मीठ असते. लोणचे घालताना मात्र मीठ कमी करू नका, ते टिकणार नाही आणि बुरशी येईल. खाण्याचे प्रमाण कमी करा, आणि बरणी ताटाजवळ न ठेवता वाढणाऱ्या व्यक्तीच्या हाती ठेवा. ठेचा मात्र रोजचा असतो, त्यात मीठ निम्मे करून शेंगदाण्याचे कूट आणि लिंबू वाढवता येते. तोही दिवसाच्या डबीतल्या मिठानेच कुटावा. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो, आणि तोही सोडियमच आहे. एका मध्यम पापडातून साधारण अर्धा ग्रॅम मिठाइतके सोडियम जाते. कुरडया, सांडगे घालताना मीठ थोडे कमी केले तर बिघडत नाही, मात्र नीट कडक वाळवा.

किनारपट्टीच्या घरांत सुके आणि खारे यांची गल्लत होते. वलांडीवर (मासे वाळवण्याच्या दोरीवर) नुसते उन्हात वाळवलेले बोंबील आणि मीठ भरून ठेवलेला खारा बांगडा एक नव्हेत. खारवलेला मासा तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, दुसऱ्या पाण्याने धुऊन मग कालवणात घाला आणि त्या कालवणात वेगळे मीठ घालू नका.

पाकिटावरचे वाचताना एकच गणित पुरते: सोडियमच्या मिलिग्रॅमला अडीचने गुणले की मिठाचे मिलिग्रॅम येतात. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, ते पाहा. झटपट नूडल्सच्या एका लहान पाकिटात दोन ग्रॅमच्या आसपास मीठ निघते, म्हणजे लहान मुलाचा बहुतेक दिवसाचा वाटा. बिस्किटे, खारी, टोस्ट खारट लागत नाहीत, पण त्यांतही सोडियम असते. पाण्यात फसफसणाऱ्या आम्लपित्ताच्या पुड्या आणि गोळ्या यांतूनही बरेच सोडियम जाते. रोज लागत असतील तर डॉक्टरांना सांगा.

## टप्पा ७: कमी सोडियमचे मीठ, आणि तेही विचारूनच

बाजारात मिळणाऱ्या या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावांतील सुमारे २१,००० माणसांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन भाग साधे मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. निष्कर्ष भक्कम आहे. पण मूत्रपिंडाचा गंभीर आजार असल्याचे माहीत असलेल्यांना त्या चाचणीत घेतलेले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तीही मूत्रपिंड अधू असलेली माणसे, गर्भवती आणि मुले यांना वगळून.

ज्या घरात सर्वांची रक्ततपासणी झाली आहे, टप्पा १ मधील एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ नाही आणि गर्भवती किंवा लहान मूल नाही, त्याच घरात हे मीठ आणावे असे माझे मत आहे. त्याची किंमत साध्या मिठापेक्षा बरीच जास्त असते. तेच पैसे कुळीथ-मटकीवर खर्च केले तर पोटॅशियमबरोबर प्रथिनेही मिळतात, म्हणून हातात मोजके पैसे असलेल्या घरांना मी आधी कडधान्य घ्यायला सांगते.

सावधान: हे मीठ आणून दुप्पट घालणे ही नेहमीची चूक आहे. मापाचा चमचा तोच आणि चमच्यांची संख्याही तीच ठेवा.

## टप्पा ८: उन्हातले काम आणि स्थलांतर

घामातून मीठ जाते, हे खरे आहे. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसासाठी मीठ घटवण्याची सुरुवात करू नये. ती पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात करावी, आणि उन्हाळ्यात होती तीच पायरी धरून ठेवावी. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. जलसंजीवनीचे (ओआरएसचे) पाणी जुलाब-उलट्यांसाठी किंवा उन्हाचा त्रास झाल्यावर घ्यायचे असते. एका लिटरमध्ये सुमारे १,७०० मिलिग्रॅम सोडियम असल्यामुळे ते रोजचे सरबत म्हणून पिऊ नये. पायात पेटके, चक्कर, मळमळ सुरू झाली तर सावलीत यावे, जलसंजीवनी घ्यावी. बोलणे असंबद्ध झाले तर थेट रुग्णालय गाठावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची घडी दिवाळीच्या सुमारास मोडते. कोपीवर (ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीत) भाजी नसते, स्वयंपाक पहाटे अंधारात होतो, आणि भाकरी-ठेच्यावर दिवस निघतो. निघण्यापूर्वी कुळथाचे पीठ, भाजलेले हरभरे, बिनमिठाचे शेंगदाणे आणि चार-पाच किलो मटकी बांधून घ्यावी. पिठले पंधरा मिनिटांत होते आणि बाजारावर अवलंबून नसते. आठवडी बाजारातून पाल्याऐवजी टिकणारे घ्यावे: बटाटे, रताळी, लाल भोपळा, कच्ची केळी. मिठाची डबी, चमचा, रक्तदाबाची वही आणि निदान महिन्याच्या गोळ्या एकाच पिशवीत ठेवाव्यात. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात ती वही दाखवली तर पुढच्या गोळ्या मिळणे सोपे जाते.

## टप्पा ९: तीन महिन्यांनी पुन्हा तीच दोन मापे

नवी पिशवी फोडताना पुन्हा तारीख लिहा आणि टप्पा ३ प्रमाणेच, शक्यतो त्याच वेळी, रक्तदाब मोजा. पिशवी जास्त दिवस पुरली पण रक्तदाब तेवढाच राहिला, तर गोळ्या नियमित घेतल्या जातात का, अंगदुखीच्या गोळ्या चालू आहेत का आणि बाहेरचे खारट किती होते, हे याच क्रमाने तपासा. पिशवी पूर्वीइतकेच दिवस पुरली, तर डबी कधी सुटली ते शोधा. बहुधा ती सणाच्या, लग्नाच्या किंवा पाहुण्यांच्या आठवड्यात सुटलेली असते. अशा वेळी मागची सगळी घट पुन्हा पहिल्यापासून करण्याची गरज नसते. शेवटच्या जमलेल्या पायरीवर दुसऱ्या दिवसापासून डबी भरायला लागा.

छातीत दाब किंवा कळ, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे यांपैकी काही झाले तर मिठाचे पाणी, सरबत, घरगुती उपाय यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या.